बाळंतिणीची भूक: घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्राची नर्सबाई म्हणून माझी २४ वर्षं गेली. बाळंतिणीच्या घरी गेलं की बाळाचं वजन, नाळ, अंगावरचा ताप सगळं पाहून व्हायचं. मी उठायला लागले की बाळंतीण दाराकडे एकदा पाहायची आणि हळूच विचारायची, "बाई, मले लय भूक लागते. काही होते का त्यानं?" हा प्रश्न मी इतक्या घरांत ऐकला की उत्तरं एका जागी लिहून ठेवावीशी वाटली. प्रश्न त्यांचे आहेत, काही सासवांचे आणि आयांचेही आहेत. उत्तरं आपल्याकडच्या चुलीवर काय शिजतं ते धरूनच दिली आहेत.

जेवून तास होत नाही तर पुन्हा भूक लागते. हे बरोबर आहे का?

अगदी बरोबर आहे. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर आईचं शरीर दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध तयार करतं. १०० मिलीलिटर आईच्या दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात, म्हणजे दिवसाचा हिशोब पाचशेच्या घरात जातो. शिवाय दूध तयार करायलाही शरीराला ताकद लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या हिशोबाप्रमाणे पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढचे सहा महिने ५२०. गरोदरपणात हा आकडा ३५० असतो.

हे आकडे मी मुद्दाम सांगते. पोट दिसत असतं तोवर "दोन जिवाची आहे, खाऊ दे" असं सगळं घर म्हणतं. डोहाळे पुरवतात, आंबट-गोड आणून देतात. बाळ बाहेर आलं की ताट लहान होतं, आणि नेमकी त्याच वेळी वरची जादा गरज जवळजवळ दुप्पट झालेली असते.

मी कमी खाल्लं तर दूध आटेल का?

लगेच आटत नाही, आणि म्हणूनच घरच्यांच्या लक्षात येत नाही. थोडं कमी खाल्लं तरी शरीर बाळाला उपाशी ठेवत नाही. ते आईची चरबी मोडतं, हाडांतलं कॅल्शियम काढतं आणि दूध करतं. बाळ गुटगुटीत दिसतं, आई मात्र सहा महिन्यांत वाळते. कंबर धरते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, केस गळतात. काही गोष्टी तर आईच्या ताटात नसतील तर दुधातही कमी पडतात. जीवनसत्त्व अ, बी-१२ आणि आयोडीन त्यातल्याच. म्हणून मीठ आयोडीनचंच वापरा. जाड खडे मीठ स्वस्त पडतं, पण त्यात बहुतेकदा आयोडीन नसतं.

मग नेमकं किती जास्त खायचं? आम्हाला कॅलरी समजत नाही.

आपल्या मापात सांगते. नेहमीच्या दोन जेवणांवर दिवसभरात एवढं वाढवा: ज्वारीची एक भाकर, घट्ट वरणाची एक वाटी, चमचाभर कच्चं तेल किंवा तूप, आणि मूठभर शेंगदाण्यांबरोबर गुळाचा एक खडा. एवढ्यात ६०० च्या आसपास होतात. वरण घट्टच हवं. वरचं पिवळं पाणी वाढून "वरण दिलं" म्हणण्यात अर्थ नाही, डाळ तळाशी राहते.

एका बैठकीत हे सगळं जात नाही. दिवसातून पाच-सहा वेळा खा. बाळाला घेण्याआधी किंवा घेतल्यावर दोन घास, असं धरलं की आपोआप होतं.

रात्री दोन वाजता भूक लागते. सगळे झोपलेले असतात, उठायची लाज वाटते.

यावर मला जास्त बोलायचं आहे.

एका घरी बावीस दिवसांची बाळंतीण होती. मी बाज सरकवून झोळीची दोरी पाहत होते, तेव्हा उशाखालून फडक्यात गुंडाळलेला भाकरीचा तुकडा खाली पडला. कडक झालेला, एका बाजूला दात लागलेले. ती इतकी ओशाळली की पदर तोंडावर घेतला. संध्याकाळी सातला जेवण, मग सकाळी आठला चहा. मधल्या तेरा तासांत बाळ चार वेळा प्यायचं, आणि ही अंधारात कोरडा तुकडा चघळायची. सासू वाईट नव्हती. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण तिच्या वेळीही कोणी विचारलं नव्हतं.

दूध रात्रीही तयार होत असतं, आणि ते तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. बाळही रात्री उठून उठून पितं. तेव्हा रात्रीची भूक ही हावरटपणा नाही. त्या घरी मी सासूलाच सांगितलं, "मामी, बाजेजवळ एक डबा न् एक तांब्या ठेवत जा." डब्यात दोन लाडू, मूठभर फुटाणे, एखादं केळ. तांब्यावर झाकण. दुसऱ्या फेरीला गेले तर डबा होता, आणि तो रोज संध्याकाळी सासू स्वतः भरत होती.

तुमच्या घरी सांगायला संकोच वाटत असेल तर आशाताईला सांगायला लावा. बाहेरच्या माणसाचं घरात ऐकतात.

डिंक, खारीक, काजू-बदाम परवडत नाही. लाडू कशाचे करायचे?

काजू-बदामाशिवाय बाळंतपण अडत नाही. आपल्या घरात जे असतं त्याचे लाडू तेवढेच ताकदीचे होतात. हे प्रमाण मी बऱ्याच घरांत करून दाखवलं आहे:

शेंगदाणे एक वाटी, फुटाण्याची डाळ एक वाटी, तीळ अर्धी वाटी, जवस पाव वाटी, किसलेला गूळ सव्वा वाटी.

शेंगदाणे मंद आचेवर भाजा, साल सुटायला लागली की उतरवा. तीळ वेगळे भाजा, तडतडले की लगेच ताटात काढा, कारण गरम तव्यावर ठेवले तर करपून कडू होतात. जवसही वेगळा भाजा, आणि तो बारीक कुटलाच पाहिजे, अख्खा जवस पोटातून तसाच निघून जातो. सगळं थंड होऊ द्या. मग शेंगदाणे आणि डाळ जाडसर कुटा, तीळ-जवस घाला, शेवटी गूळ घालून खलबत्त्यात इतकं कुटा की दाण्याचं तेल सुटून मिश्रण हाताला चिकटायला लागेल. तूप लागत नाही, त्याच तेलावर लाडू वळतात. एवढ्यात चौदा लाडू होतात. एकेक लाडू पावणेदोनशे कॅलरीचा. दिवसाला तीन खाल्ले तर वरच्या गरजेचा बराचसा भाग निघतो.

डिंक घरात असेल तर चमचाभर तुपात फुलवून घाला, चांगलाच लागतो. झाडाचा डिंक शेताच्या बांधावर मिळतो तिथं तो कशाचा आहे हे ओळखणाऱ्याकडूनच घ्या.

सासूबाई म्हणतात सवा महिना पोळी, तूप आणि मेथी एवढंच. बाकी सगळं बाधतं.

आपल्या जुन्या पद्धतीत खूप चांगलं आहे, आणि ते मी मनापासून मानते. गरम ताजं अन्न, सवा महिना आराम, माहेरी राहणं, तेल लावणं, लसणाची फोडणी, हाळिवाची खीर, बाळंतशेपा. याला कोणी नावं ठेवू नयेत.

पण पथ्य म्हणजे "हे खा" असं हवं. आपल्याकडे ते "हे खाऊ नको, तेही खाऊ नको" होऊन बसलं आहे. तुरीची डाळ वातूळ, हरभरा गॅसचा, वांगं खाजेचं, पालेभाजी हगवणीची, दही सर्दीचं, केळ थंड, पेरू खोकल्याचा, पाणी पोट सुटायचं. एवढं सगळं काढून घेतलं तर ताटात उरतं काय? एक पोळी आणि चिमूटभर भाजी. अशा ताटावर मी बाळंतिणींना चक्कर येऊन पडताना पाहिलं आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना एकच विचारा. गाय व्यायली की आपण तिला काय देतो? सरकीची ढेप भिजवून, गूळ, ज्वारी शिजवून, वर हिरवा चारा आणि बादलीभर कोमट पाणी. व्यायलेल्या गाईची ढेप कोणी अर्धी करत नाही, तिचं पाणी कोणी तोडत नाही. हे उदाहरण मी जिथं जिथं दिलं तिथं म्हाताऱ्या बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ताटात डाळ आली.

आईनं हरभरा खाल्ला तर बाळाचं पोट फुगतं ना?

नाही. गॅस आईच्या आतड्यात होतो, तो दुधात उतरत नाही. बाळं पहिले तीन महिने संध्याकाळी रडतात, पाय पोटाशी घेतात, ती त्यांची वाढायची रीत आहे. त्याच दिवशी आईनं चण्याची डाळ खाल्लेली असली की दोष डाळीवर येतो.

आईला स्वतःला जड वाटत असेल तर डाळ रात्रभर भिजवा, हिंग-लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, मोड आणून खा. बरबटी, मूग, मठ, हरभरा, तूर, सगळं चालतं. थंडीत तुरीचे ओले सोले निघाले की त्यांची भाजी किंवा आमटी जरूर करा. आपल्या शेतातलं ते सर्वांत चांगलं अन्न, आणि बाळंतिणीला ते "बाधेल" म्हणून दिलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

क्वचित एखाद्या बाळाला आईनं प्यायलेल्या गाईच्या दुधाचा त्रास होतो. शीमध्ये रक्त दिसलं, अंगावर पुरळ आलं, तर दवाखान्यात दाखवा. मनानं आईचं सगळं दूधदुभतं बंद करू नका.

केळ, दही, ताक?

चालतात. आईनं थंड खाल्लं म्हणून दूध थंड होत नाही, ते नेहमी अंगाच्या उबेचंच येतं. सर्दी विषाणूमुळे होते, ती खोकणाऱ्या माणसाकडून बाळाला लागते. शिळं आंबलेलं दही मात्र नको, ते कोणालाच नको.

पाणी कमी प्यायला सांगतात. पोट सुटतं म्हणे.

हे ऐकू नका. आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणी असतं. बाळ पाजायला घेतलं की तहान लागते, तेव्हा पेलाभर पाणी हाताशी हवंच. कोमट हवं तर कोमट प्या. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतं आहे असं समजा. पोट सुटण्याचा पाण्याशी संबंध नाही.

दूध वाढवायला काय खावं? हाळीव, मेथी, शतावरी?

हाळिवाची खीर करा, मेथीचे लाडू करा, शेपू-लसणाची भाजी करा. त्यात लोह आहे, ताकद आहे, पोट साफ राहतं. पण दूध वाढवणारी खरी गोष्ट बाळाचं तोंड आहे. बाळ जितक्या वेळा आणि जितकं नीट ओढेल, छाती जितकी रिकामी होईल, तितकं नवीन तयार होतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. बाळाच्या तोंडात नुसती बोंडी नको, भोवतालचा काळा भागही गेला पाहिजे. मेडिकलमधल्या दूध वाढवायच्या पावडरीवर चारशे-पाचशे रुपये घालण्यापेक्षा त्याच पैशांत महिनाभराची अंडी येतात.

दूध पुरतं का हे बाळाच्या लघवीवरून ओळखा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा वेळा किंवा जास्त लघवी आणि वजन वाढतं आहे, तर दूध पुरेसं आहे.

पालेभाज्या कोणत्या खाव्या?

दारात उगवते ती. पावसाच्या सुरुवातीला कोवळा तरोटा, मग अंबाडी, माठ, हिवाळ्यात मेथी, पालक, चवळी, उन्हाळ्यात चिवळ, आणि बारा महिने शेवग्याचा पाला. शेवग्याच्या पाल्याला कोणी मोल देत नाही, आणि घराघरापुढे तो झाड भरून असतो. डाळभाजीत पालकाबरोबर मूठभर घाला, नाहीतर भाकरीच्या पिठात मळा. वर लिंबू पिळलं की भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. भाजी नीट धुवा, फवारलेल्या शेताच्या बांधावरची तोडू नका.

आमच्या घरी अंडं-मटण चालत नाही.

मग दूध, दही, ताक यांकडे जास्त लक्ष द्या. बी-१२ भाजीपाल्यात मिळत नाही. ते दुधादह्यात, अंड्यात, मासळीत, मटणातच असतं. आईला ते कमी पडलं की बाळालाही कमी पडतं, आणि बाळ मंदावतं, मान धरायला उशीर करतं. घरची म्हैस असेल तर सगळं दूध डेअरीला घालू नका, बाळंतिणीचा पेला आधी बाजूला काढा. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ ची गोळी हवी का हे डॉक्टरांना विचारा.

खाणाऱ्यांना सांगायचं तर एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात. भंडारा-गोंदियाकडे तळ्यातली बारीक मासळी काट्यासकट खातात, त्यातून कॅल्शियमही मिळतं.

आमच्याकडे लाखोळीची डाळ स्वस्त पडते. ती चालेल?

पूर्व विदर्भात हा प्रश्न हमखास येतो. लाखोळीत एक विषारी अंश असतो. रोज, भरपूर आणि महिनोन् महिने तीच खाल्ली तर पाय कायमचे ताठतात, माणूस काठीवर येतो. कधीतरी खाल्ल्यानं काही होत नाही. पण बाळंतिणीची रोजची डाळ ती नको. तूर महाग वाटली तर बरबटी, मूग किंवा हरभऱ्याची घ्या. लाखोळी करायचीच असेल तर भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या.

सोयाबीन घरचंच आहे. खाल्लं तर?

खावं, प्रथिनं भरपूर आहेत. पण कच्चं दळू नका. त्यात पचनाला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनं जातात. दाणे धुऊन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, उन्हात कडक वाळवा, थोडे भाजा आणि दहा किलो गव्हात एक किलो या हिशोबानं दळून आणा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. पेरणीतून उरलेलं रंगीत बियाणं धुऊनही खाऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं. ते कोंबड्यांनाही टाकू नका.

दोन महिन्यांचं बाळ घरी ठेवून कापूस वेचायला जावं लागतं. तिथं काय खाऊ?

जाऊच नये असं म्हणणं मला सोपं आहे, पण मजुरीवर घर चालतं हे मी जाणते. निघण्याआधी बाळाला पोटभर पाजा आणि स्वतः भाकर-वरण खाऊन निघा, नुसत्या चहावर नाही. शिदोरीत भाकर, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, कांदा, झुणका, दोन लाडू. पाण्याची कॅन वेगळी. दुपारी बाळ शेतावर आणवता आलं तर एक पाजणं होतं, छातीही दाटत नाही.

फवारणी झालेल्या शेतात मात्र जाऊ नका. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. शेतातून आल्यावर हातपाय साबणानं धुवा, लुगडं बदला, मगच बाळाला घ्या. जेवणाआधीही हात साबणानंच धुवा.

उन्हाळ्यात जेवण जात नाही.

चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत भाकर गिळत नाही हे खरं आहे. तेव्हा पातळ पण ताकदीचं घ्या. सातूचं पीठ गूळपाण्यात किंवा दुधात कालवून, ज्वारीची आंबील ताक घालून, ज्वारीच्या कण्या दह्याबरोबर, कैरीचं पन्हं. मुख्य जेवण सकाळी नऊच्या आत आणि रात्री ऊन उतरल्यावर करा, मधला वेळ या पेयांवर काढा. बाळाला मात्र वरचं पाणी देऊ नका, सहा महिन्यांपर्यंत त्याची तहान आईच्या दुधानंच भागते, उन्हाळ्यातही.

चहा चालतो का?

दिवसाला दोन कप चालतात, पण जेवणाला चिकटून नको, तासभर अंतर ठेवा. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मला काळजी कोऱ्या चहाची वाटते. भूक लागली की कपभर कोरा चहा, भूक मरते, काम सुरू. असं करू नका. भूक लागली तर खा.

खर्रा, गुडाखू?

नको. तंबाखूतलं निकोटीन दुधातून बाळाच्या पोटात जातं आणि आईची भूकही मारतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्रा खाणाऱ्या बायका मला सांगतात, "खर्रा खाल्ला की जेवावंसं वाटत नाही." हेच त्याचं नुकसान. मोहाची दारू बाळंतिणीला "अंग भरून यायला" देतात, तीही बंद करा. मोहफुलं सुकवून, भाजून तिळाबरोबर लाडू केले तर मात्र चांगले, गोडवा आणि ताकद दोन्ही.

सिझर झालं आहे. टाके पिकतील म्हणून भात, तूप, डाळ देत नाहीत.

टाके अन्नानं पिकत नाहीत, अस्वच्छतेनं किंवा जंतूनं पिकतात. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात. पहिल्या दिवशी डॉक्टर सांगतील तसं पातळ घ्या, त्यांनी जेवायला सांगितलं की सगळं जेवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथताना टाक्यांवर ताण येतो. पालेभाजी, पपई, भरपूर पाणी.

गोळ्यांनी मळमळतं. नाही घेतल्या तर?

घ्याच. लोहाची लाल गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन, बाळंतपणानंतर १८० दिवस. दोन्ही एकदम घेऊ नका, एकीमुळे दुसरी अंगी लागत नाही. कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर, लोहाची रात्री झोपताना घेतली तर मळमळ कमी जाणवते. शी काळी होते, घाबरू नका.

सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. तपासणीचं कार्ड असेल तर ते दवाखान्यात दाखवा, कपाटात ठेवून उपयोग नाही.

सरकारकडून खायला काय मिळतं?

हे तुमच्या हक्काचं आहे, मागून घ्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं की नैसर्गिक असेल तर ३ दिवसांपर्यंत आणि सिझर असेल तर ७ दिवसांपर्यंत मोफत जेवण मिळतं. अंगणवाडीतून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला घरी न्यायचा आहार मिळतो. तो आईचा असतो. घरी आणला की खिचडी होऊन सहा ताटांत वाटला जातो आणि आईच्या वाट्याला दोन घास येतात, म्हणून आईचा वाटा आधी काढा. मेळघाट, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीतच एक वेळचं पूर्ण गरम जेवण आहे. बाळाचं नाव रेशनकार्डावर लगेच चढवा, प्राधान्य कार्डावर माणसी ५ किलो धान्य मिळतं. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये येतात. ते आले की आधी बाळंतिणीसाठी डाळ, तेल, अंडी आणा.

वजन कमी करायचं आहे. जेवण कमी करू?

पाजत असताना नाही. नीट जेवून, अंगावर पाजून, हळूहळू कामाला लागून वजन आपोआप उतरतं. नऊ महिन्यांत चढलेलं दोन महिन्यांत उतरवायची घाई कशाला?

भूक काळजीची कधी समजायची?

भरपूर खाऊनही वजन झपाट्यानं उतरतं आहे, छाती धडधडते, हात थरथरतात, फार तहान लागून सारखी लघवी होते, तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. उलट बाजूही सांगते. बाळंतिणीला काहीच खावंसं वाटत नाही, सारखं रडू येतं, बाळाला घ्यावंसं वाटत नाही, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते नखरे नाहीत, आजार आहे. तिला लवकर दवाखान्यात न्या.

बाळ सहा महिन्यांचं झालं, वरचं खाऊ लागलं. आता माझं खाणं कमी करू का?

नाही. बाळ आता वरण-भात खाईल, पण दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजायचं आहे. भूक थोडी कमी होईल, तिच्या मागं मागं जा. लाडू तीनचे दोन झाले तरी चालतील. बाजेजवळचा डबा मात्र एवढ्यात उचलू नका, दात येताना बाळं रात्री पुन्हा उठायला लागतात.